गिरणीची मोटर आणि कडुनिंबाखालची गाडी

ती गिरणी आजही आठवते, आणि आठवली की डोकं आजही तडकतं.

कर्जतच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. एका वाडीवरच्या पिठाच्या गिरणीची मोटर चोरीला गेली. गिरणीवाल्या मावशी फिर्याद द्यायला आल्या तेव्हा रडत होत्या. नवरा गेल्यापासून घर त्या एका गिरणीवर चालत होतं. ओळख काय, विचारलं तर म्हणाल्या, नवऱ्यानं मोटरीला हिरवा रंग दिला होता. त्या भागात विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारीही चोरीला जात होत्या, म्हणून मी तपास स्वतःकडे घेतला.

आठवड्याभरात खबऱ्याचा फोन आला. "साहेब, ती गिरणी चालू आहे."

गेलो. पट्टा फिरतोय, बाया डबे घेऊन उभ्या आहेत, पीठ उडतंय.

"मावशी, ही मोटर कुणाची?"

"भावानं दिली आनून."

मोटरीला ताजा लाल रंग होता. इतका घाईनं फासलेला, की कडेनं हिरवा सरळ दिसत होता. मी उभ्या असलेल्या बायांना विचारलं. एकीलाही काही माहीत नव्हतं. सरपंचांना विचारलं, तर ते पावसापाण्याचं बोलायला लागले. चोरी झालेली मोटर डोळ्यांसमोर फिरते आहे, अख्खी वाडी तिच्यावर दळण दळते आहे आणि कुणी काही पाहिलेलं नाही! असा संताप झाला, की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मावशींना ठाण्यात बोलावलं. आजवर आरोपींची चौकशी करत आलो होतो, इथं फिर्यादीचीच करायची वेळ आली. चहा दिला, समजावलं, आवाज चढवला. बाईंचं एकच, भावानं दिली.

"खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल करू का तुमच्यावर?"

तशा त्या उठल्या आणि मला खिडकीपाशी बोलावलं. आवारात कडुनिंबाखाली जप्त वाहनं पडली होती. त्यातल्या एका मोटारसायकलीखाली कुत्री व्यालेली होती.

"ती गाडी माझ्या दिराची. चोर घावला, गाडी घावली. पन दीर अजून सायकलवर जातोय दूध घालायला. सायेब, चोरानं नेलेलं परत तरी मिळतंय. तुमी नेलेलं न्हाई मिळत."

मागे हवालदारानं फाईल तोंडापुढे धरली. हसत होता. मला राग आला, पण बाईंचं खरं होतं. चोरीचा माल सापडला की तो मुद्देमाल होतो. मालकानं अर्ज करून न्यायालयाच्या आदेशानं तो ताब्यात घ्यायचा असतो. दीर दोनदा येऊन गेला होता. 'साहेब नाहीत, उद्या या' हे दोनदा ऐकून त्यानं नाद सोडला होता.

"गाडी सोडवली तर बोलाल?"

"आदी सोडवा तर."

मग सुरू झाला खरा ताप. मुद्देमाल कारकून म्हणे, किल्ली सापडत नाही. दीर म्हणे, मी ठाण्यात पाय ठेवणार नाही, सही केली की अडकवाल. शेवटी त्याच्या गोठ्यात, शेणात उभा राहून मी अर्जावर सही घेतली. अहवाल पाठवला, आदेश मिळवला. गाडी चालू होईना. दोन शिपायांनी ढकलत टेम्पोत चढवली आणि वाडीवर नेऊन उतरवली. लग्नाच्या वरातीला जमावी तशी माणसं बघायला जमली होती.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मावशी आपण होऊन ठाण्यात आल्या आणि सगळं सांगितलं. शेजारच्या गावात जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारा एक दुकानदार होता. वाडीतल्या कुणीतरी तिथे हिरव्या रंगावरून ही मोटर ओळखली. चार जणांनी त्याला धरलं आणि त्याच्याच टेम्पोतून मोटर आणून त्याच्याकडूनच बसवून घेतली. पोलिसांनी ओळखू नये म्हणून लाल रंग वाडीनंच फासला होता.

"आणि मग?"

"मग च्या पाजला आनि सोडला."

"चोराला चहा?"

"मोटर बसवून दिली न्हवं त्यानं?"

मी कपाळावर हात मारला. दुकानावर छापा घातला. विहिरींवरच्या बऱ्याच मोटारी निघाल्या. पुराव्यासाठी मावशींची मोटरही जप्त करणं भाग होतं. त्यांनी गिरणीला कुलूप घातलं, जीपमध्ये चढल्या आणि मोटरीवर पाय ठेवून बसल्या.

"मोटर जितं, तितं मी."

पंचनामा, फोटो, न्यायालय, सगळीकडे बाई मोटरीसोबत. या वेळी त्यांचा अर्ज मी आधीच तयार ठेवला होता. आदेश झाला, संध्याकाळी गिरणी सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून इतर मोटारींचे मालक न बोलावता साक्ष द्यायला येऊ लागले. सरपंचांनाही अचानक सगळं आठवलं.

विश्वास ठेवा, पोलीस तुमचे मित्र आहेत, असे फलक मी प्रत्येक ठाण्यात लावले. ते वाचून कुणी विश्वास ठेवलेला मला आठवत नाही. लोक आपली वस्तू परत येते का, एवढंच बघतात. घरातही तेच असतं, हे मला बायकोनं बरंच आधी सांगितलं होतं.

निवृत्तीनंतर कर्जतला एका लग्नाला गेलो होतो. खून, दरोडे उघडकीस आणलेला मी अधिकारी. पंगतीत एकानं ओळख करून दिली, "हे आपले मोटारसायकलवाले सायेब." शेजारच्या रांगेत मावशी होत्या. मला राहवलं नाही.

"मावशी, मी तो चोरसुद्धा पकडला होता, ते कुणी सांगत नाही."

त्यांनी माझ्या पानात जिलबी वाढायला लावली आणि म्हणाल्या, "चोर तर आमीबी धरला हुता, सायेब."