इंदूच्या फळ्यांखाली

इंदू गेल्याचा फोन तिच्या सुनेने केला, तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. गॅस बंद केला आणि तशीच बसून राहिले... आणि थोड्या वेळाने मला चक्क हसू आलं. जन्माची मैत्रीण गेली आणि ही बया हसते, असं घरच्यांना वाटलं असणार. पण मला आठवत होतं ते नानांचं वरण.

गिरगावातल्या चाळीत आम्ही दोघी एकाच वर्षी सुना म्हणून आलो, शेजारशेजारच्या खोल्यांत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. रोज कुठे ना कुठे सभा आणि घरोघरी पत्रकांचे गठ्ठे. इंदूच्या खोलीची जमीन म्हणजे तुळयांवर टाकलेल्या जुन्या फळ्या. त्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावरच्या नानांच्या डोक्यावर धूळ पडायची. पुन्हा काही पडलं तर वर नाचगाणं बंद, असं नानांनी बजावलेलं. आणि श्रावणात इंदूची पहिली मंगळागौर! फुगडीत तिचा हात धरणारी माहेरी कुणी नव्हती, एवढी ती पटाईत. बिचारी रडकुंडीला आली.

तिच्या नवऱ्याने कुठूनशा सागवानी फळ्या आणल्या. जुन्यांवरच ठोकू, असं त्याचं मत. मध्ये काहीतरी मऊ हवं म्हणून या शहाणीने पत्रकांचे गठ्ठे अंथरले. चार फळ्या बसल्यावर आम्ही फुगडी घालून पाहिली. खालच्या फळ्या डुगडुगल्या, कागद फाटले आणि जेवायला बसलेले नाना ताट घेऊनच वर आले. वरणात कपटा तरंगत होता. त्यावर छापलेलं, ‘झालाच पाहिजे’. नाना एकही सभा न चुकवणारे, रागावणार कसे?

"मागणी मान्य आहे," ते म्हणाले, "पण वरणात नको."

मग सगळं उचकटलं. कुजक्या फळ्या बदलल्या, उरलेल्या फळ्या तुळयांवर घट्ट ठोकल्या, फटी बुजवल्या, वर डांबरी कागद आणि त्यावर सागवान आडवा. मंगळागौरीच्या आदल्या दिवशी नानांना पांढरी टोपी घालून खाली बसवलं आणि वर आम्ही गरगर फिरलो. इंदूने खिडकीतून विचारलं, "नाना, पडलं का काही?" टोपी काढून नीट बघत नाना म्हणाले, "चालू दे." ती मंगळागौर चाळ अजून विसरलेली नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले, तर इंदूच्या नातवाने त्या जमिनीवर लॅमिनेट घालायचं काढलेलं. कारागीर म्हणाला, आधी खालचं पक्कं आहे का ते बघावं लागेल. मी म्हटलं, थांबा जरा. इंदूची सून आणि नात हात धरून फिरू लागल्या. मी काठी टेकत खिडकीशी गेले. खाली आता नानांचा नातू राहतो. त्यांच्याकडे ही गोष्ट अजून सांगतात.

"पडलं का रे काही?"

खालून आवाज आला, "नाही आजी. चालू दे."

इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. फुगडी थांबली, दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ऐकलंत ना? मग थांबलात कशाला?"