भवानीनगरची कॅसेट आणि माझं कॅप्चर कार्ड

कॅप्चर कार्ड म्हणजे नक्की काय, हे ते विकत आणल्यावरही मला धड माहीत नव्हतं. पुण्याच्या दुकानदारानं सांगितलं तेवढंच डोक्यात होतं. ही हिरवी पट्टी कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची, व्हीसीआरच्या वायरी तिला जोडायच्या आणि कॅसेट लावायची. मग जुन्या कॅसेटमधलं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरतो, आणि त्याची सीडी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. ऐकायला अगदी सोपं होतं. पोहणंसुद्धा विहिरीच्या काठावरून सोपंच वाटतं.

बारामतीत माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली लग्नं मी वीस वर्षं खांद्यावर कॅमेरा घेऊन काढली. कॅमेरा हातात असला की मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण कॉम्प्युटरपुढं बसलं की माझी शेळी होते. तरीही कार्ड खोक्यातून काढायच्या आत मी दुकानाबाहेर पाटी लावून मोकळा झालो, ‘जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल’. बाजारात तुरी, दुसरं काय.

पाटी वाचून पहिलं गिऱ्हाईक आलं ते भवानीनगरहून. साठीतले नवरा-बायको. बाईंच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट. गृहस्थांना मी पाहिल्याबरोबर ओळखलं. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. गाडीचा नंबर पुकारला की रांगेतल्या शेवटच्या बैलगाडीवर झोपलेला माणूस उठून बसायचा, असा त्यांचा आवाज. मी हसून म्हणालो, “काय आबा, आज एवढे गप्प?”

त्यांनी गळ्याचा पांढरा रुमाल थोडा खाली केला. मग मला कळलं, आणि आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि स्वरयंत्र काढून टाकलं होतं. ओठ हलायचे, आवाज नव्हता. त्यांचे ओठ वाचून बोलणं सांगायचं काम बाई करायच्या.

“थोरलीच्या लग्नाची कॅसेट हाय,” बाई म्हणाल्या. “तुमीच शूटिंग केलं व्हतं, सोळा वर्षं झाली. मंगलाष्टकं ह्यांनी म्हटली व्हती. सोता रचल्याली.”

मला ते लग्न आठवत होतं. पाच कडवी होती, त्यात पोरीचं नाव, आजोळ, सासर सगळं गुंफलेलं.

“आता धाकटीचं लग्न हाय. पंधरा दिवस राह्यल्यात, इंदापूरला कार्यालय घेतलंय. ती लहान व्हती तवा ह्यांनी तिला शब्द दिल्याला, तुझ्याबी लग्नात मीच म्हणीन म्हणून. ती म्हणती, म्हणायची तर माझ्या आप्पांच्याच आवाजात. तर तेवढा आवाज काढून द्या. अंतरपाट धरला की लावू.”

मी म्हणालो, “पण मावशी, त्यात नाव थोरलीचं येणार.”

“येऊ द्या की. आवाज तर बापाचा हाय.”

आबांचे ओठ हलले. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि मला सांगितलं, “म्हणत्यात, घाई करू नका, पन नीट करा.”

“आठ दिवसांत देतो,” मी म्हणालो. अजून कार्डाच्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

त्याच दुपारी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत धूळ, वायरींचं जंजाळ आणि एक मेलेलं झुरळ. कार्ड खाचेत बसेना. जोर लावावा तर मोडेल, नाही लावावा तर बसत नाही. शेवटी डोळे मिटून दाबलं, तेव्हा कट् असा आवाज झाला. म्हटलं, मोडलं. बसलं होतं ते. स्क्रू आवळून कॉम्प्युटर सुरू केला, तर कॉम्प्युटर म्हणाला की त्याला नवीन काहीतरी सापडलंय पण ते काय आहे हे त्याला कळत नाही. म्हटलं, आता आपण दोघं झालो.

कार्डाबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी घातली. पडदा निळा पडला. बंद करून परत घातली, परत निळा. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, “काढून टाका आणि परत टाका.” तीन दिवसांत मी त्याला अकरा फोन केले आणि अकरा वेळा त्यानं हेच सांगितलं. सोबतचं पुस्तक अर्धं इंग्रजीत आणि अर्धं चिनीत होतं. मी दोन्हीकडून सारखाच लांब.

चौथ्या दिवशी चित्र आलं, पण काळं-पांढरं. अख्खं लग्न हळदीसकट करडं. एक दिवस त्यात गेला. मग कळलं की आपल्याकडच्या टीव्हीचं सेटिंग वेगळं आणि कार्डात परदेशातलं होतं. ते बदललं आणि पडद्यावर एकदम रंग आले. हिरवा शालू, लाल फेटे, अंतरपाटाचं कुंकवाचं स्वस्तिक. माइकपुढं आबा, हातात कागद, छाती पुढं, तोंड उघडलेलं. आवाज मात्र नाही.

कार्डाच्या आवाजाची वेगळी वायर होती. ती मी काढून पुसली, उलटी लावली, नवी आणली. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर चापट्या मारल्या. सेटिंगमधल्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि मग सगळ्या काढल्या. कॅसेट जुनी होती, फीत घासली जाईल म्हणून ती जास्त फिरवायचीही भीती. पाच मिनिटं लावायची, बंद करायची, कपाळाला हात लावायचा. आबा माझ्यासमोर पडद्यावर जीव तोडून गात होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कार्डानं त्यांना आजच्यासारखंच करून ठेवलं होतं.

बाईंचा फोन एक दिवसाआड यायचा. “आला का आवाज?”

“येतोय मावशी. कार्डाचा जरा प्रॉब्लेम आहे.”

“ह्यांनी रुमाल नवा आणलाय लग्नासाठी,” त्या म्हणायच्या, किंवा असंच काहीतरी, आणि फोन ठेवायच्या. चिडल्या असत्या तर मलाही चिडता आलं असतं. त्यांचा फोन झाला की मी घरी जाऊन बायकोवर चिडायचो, तिचा काहीच संबंध नसताना.

नवव्या दिवशी शेजारच्या गाळ्यातले भाई आले. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत त्यांची हयात गेलेली. मी आठ दिवस त्यांना मुद्दामच बोलावलं नव्हतं. कॉम्प्युटर आणल्यावर मी त्यांना म्हणालो होतो की भाई, तुमच्या डब्यांचे दिवस आता संपले, आणि दुकानातला टीव्ही त्यांच्यादेखत विकला होता. आता कुठल्या तोंडानं बोलवणार? ते आपणहून आले, चहाचा कप घेऊन, आणि पडद्याकडं बघत उभे राहिले.

“रोग कार्डात हाय का कॅसेटीत, ते बघितलं का?” त्यांनी विचारलं.

“कॅसेटीत कसा असेल? लग्न मी काढलंय.”

“तरी बघू की,” ते म्हणाले, आणि व्हीसीआर उचलून आपल्या गाळ्यात नेला. तिथल्या एका उघड्या टीव्हीला दोन वायरी जोडल्या आणि कॅसेट लावली.

आवाज आला. सनई.

मी पहिल्यांदा टाळीच वाजवली, खरं सांगतो. नऊ दिवसांनी आवाज आला होता. भाई पडद्याकडं बघत होते. पडद्यावर आबांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, अक्षता उडत होत्या, आणि सगळ्यावरून सनई वाजत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, सनई काही थांबेना. ती सनई मला तोंडपाठ होती.

“आवाज तुमीच टाकला व्हता न्हवं?” भाई हळूच म्हणाले.

मीच टाकला होता. त्या काळी सगळेच शूटिंगवाले टाकायचे. मांडवात जनरेटर घरघरतो, पोरं रडतात, माइक शिट्ट्या मारतो, कुणीतरी मागून ‘अक्षता संपल्या’ म्हणून ओरडतं. लोकांना लग्न गोड हवं असतं. म्हणून मिक्सिंगच्या वेळी मूळ आवाज काढायचा आणि वर सनई सोडायची. माझ्याकडं सनईची एकच कॅसेट होती. या दोन तालुक्यांतली निम्मी लग्नं त्या एका सनईवर लागलेली आहेत. एकानंही कधी तक्रार केली नाही. आबांच्या घरीही कॅसेट आली तेव्हा भाड्याचा व्हीसीआर आणून आळी गोळा झाली असेल, ही बघ आत्या, तो बघ मामा, असा कालवा झाला असेल. आबांचा आवाज तेव्हा घरातच होता. तो कॅसेटीत कोण शोधणार?

भाईंनी व्हीसीआर परत माझ्या दुकानात आणून जोडला आणि कॉम्प्युटरची एक वायर एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घातली. लगेच सनई तिथंही वाजायला लागली. नऊ दिवसांचं दुखणं अर्ध्या मिनिटात बरं झालं. मी कार्डाला काय काय शिव्या घातल्या होत्या, आणि कार्ड बिचारं जे होतं ते दाखवायला तयारच होतं.

त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला तेव्हा मी परत म्हणालो, “येतोय, मावशी.” आता तर ते सरळ खोटं होतं. मला स्वतःची शरम वाटली, तरी दुसरं काही तोंडातून निघालं नाही.

एक आशा होती. मूळ शूटिंगची कॅसेट, जिला आम्ही मास्टर म्हणायचो, तिच्यात आवाज असतो. पण कॅसेटी महाग, म्हणून मिक्सिंग झालं की त्याच मास्टरवर पुढच्या तिथीचं लग्न काढायचं, हा आमचा रिवाज. पोटमाळ्यावर दोन पोती मास्टर निघाल्या. प्रत्येकीवर नावाच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या. मी आणि भाई पाण्याचा हात लावून एकेक चिठ्ठी सोलत बसलो. वरच्या चिठ्ठीवर एक लग्न, खाली दुसरं, त्याखाली बारसं. आबांच्या थोरलीची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सापडली, एका कॅसेटवर तिसऱ्या थराला. म्हणजे त्या लग्नावरून आणखी दोन कार्यं फिरली होती.

तरी ती लावली. सगळ्यात वरच्या चिठ्ठीवरचं माळेगावचं लग्न लागलं. माळेगावची वरात निघाली. नवरीची पाठवणी झाली. मग पडद्यावर मुंग्या आल्या. मी बंद करायला हात पुढं केला.

“संपंस्तवर चालू द्या,” भाई म्हणाले. “फीत आपलीच हाय, घासली तर घासली.”

मुंग्या चालू राहिल्या. मग एकदम चित्र उडी मारून आलं; नंतरची दोन्ही कार्यं फितीच्या या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. दुसरा मांडव, संध्याकाळचं ऊन, उचललेल्या पत्रावळींचा ढीग. फेटा बांधलेला माणूस सरळ कॅमेऱ्याकडं चालत आला, जवळ आला आणि त्याचा पंजा काचेसमोर आला.

“ओ शूटिंगवाले, बंद करा आता ते. सकाळधरनं पोटात काय हाय का न्हाय तुमच्या? चला, जेवून घ्या आधी.”

चित्र संपलं. फीतही संपली. भाईंनी डोळे पुसले आणि चष्म्याला नावं ठेवली. आबांचा, काट्यावरचाच आवाज होता तो, जनरेटरच्या घरघरीवरून स्वच्छ ऐकू येणारा. तेवढा तुकडा कार्डानं एका दमात उतरवून घेतला, एक रेघसुद्धा हलली नाही.

लग्नाला तीन दिवस उरले असताना मी सीडी घेऊन भवानीनगरला गेलो. दारात मांडवाचे बांबू पडले होते. मी चपला काढल्या काढल्या सांगून टाकलं, कारण पाणी पिऊन सांगायची माझी हिंमत नव्हती. “मंगलाष्टकं नाहीत, मावशी. कार्डाचा काही दोष नव्हता. ती मीच पुसली, तेव्हाच.”

आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग हातानं बस म्हणाले. धाकटी आतून आली, तिनं सीडी लावली.

आबांचा आवाज त्या घरात घुमला. आतल्या खोलीतून दोन बायका पळत बाहेर आल्या, आबा बोलले की काय म्हणून. धाकटीनं परत लावलं. परत लावलं. चौथ्या वेळी आबांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायला लागले, शब्दाला शब्द, आणि त्यांचा पंजाही तसाच वर गेला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

धाकटी माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर अजून आशा होती.

“पुढं?” ती म्हणाली. “पुढं काय म्हणाले आप्पा?”

“पुढचं नाही,” मी म्हणालो. “मी त्यांचं ऐकलं. कॅमेरा बंद केला आणि जेवायला गेलो.”