बुडाला लावलेली हळद

आमच्या वर्ध्याच्या लॅबमध्ये क्रिस्पर नावाची कात्री होती, पण मुद्दाम बोथट केलेली. तिनं कापायचं नाही. माणसाच्या पेशीतल्या नेमक्या जनुकाच्या दारात जायचं आणि त्याला झोपेतून उठवायचं. ते उठलं की पेशी हिरवी चमकेल, अशी सोय मी केली होती. वर्ष झालं, एक पेशी चमकेल तर शपथ. दसऱ्यानंतर शेवटचं बघू, नाहीतर तुझा विषय बंद, असं सरांनी सांगून टाकलं.

लॅबची झाडलोट करणाऱ्या मावशी अल्लीपूरहून बसनं येत. खंडेनवमीला त्यांनी सगळ्या यंत्रांना हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी हसले. यंत्रांची कसली पूजा, म्हणून चार शहाणपणाच्या गोष्टीही ऐकवल्या. त्या घरी गेल्यावर मात्र त्यांच्याच वाटीतली हळद बोटावर घेतली आणि इन्क्यूबेटरमधल्या माझ्या पेशींच्या थाळीला लावली. झाकणावर दिसली असती, म्हणून बुडाला. शेजारी तुलनेची थाळी होती. तिच्यातल्या कात्रीला जाणूनबुजून खोटा पत्ता दिलेला, म्हणजे तिथं अंधारच राहायला हवा. पण शास्त्रात भेदभाव चालत नाही. तिलाही लावली.

सुट्टीनंतर सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात थाळी ठेवली, तर सगळं हिरवंगार. मी धावत जाऊन सरांना घेऊन आले. सर वर्षात पहिल्यांदा हसले. मग त्यांनी दुसरी थाळी ठेवली. तीही हिरवीगार. सरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं तिचं बूड पुसलं आणि पिवळा झालेला बोळा माझ्यासमोर धरला. हळद निळ्या उजेडात चमकते, हे जन्मभर हळदीचं वरण खाऊनही मला ठाऊक नव्हतं.

सरांनी मावशींना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. मी बोळ्याकडे बघत उभी राहिले. त्याची लाज आजही वाटते.

मावशी एवढंच म्हणाल्या, "मी दारालेच लावतो, सर. आतल्याले कायले हात लावू?"

सरांनी माझीही थाळी पुसली आणि दोन्ही पुन्हा पाहिल्या. दुसरीत काळोख होता. माझ्या थाळीत सात-आठ पेशी आपल्या आपण चमकत होत्या. विषय चालू ठेव, म्हणाले. मी इतकी हरखले की मावशींची आठवण थेट चहाच्या वेळी झाली. त्या मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. हळद मी लावली, असं मी त्यांना सांगून टाकलं.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तुह्या कोटाचा खिसा पिवळा होता. सकायीच धुवून टाकला."

मग सरांना का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुह्यं बंद केलं असतं ना त्यायनं."

मी चहा तसाच ठेवला आणि सरांच्या खोलीकडे निघाले. दाराशी पोचेपर्यंत तीनदा परत फिरावंसं वाटलं. अंगावरचा कोट कधी नव्हे इतका पांढरा होता.