देवघरातली बदाम राणी

बदाम राणी आमच्या देवघरात सात रविवार होती. अन्नपूर्णेच्या मूर्तीखाली, लाल कापडात गुंडाळून. तिथं ठेवायची अक्कल माझीच. कपाटात ठेवली असती तर ती चोरी वाटली असती, देवाजवळ ठेवली की ती ठेव झाली. आम्हा पापभीरू माणसांना असली सोय बरोबर सुचते.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याबाहेर आमच्या मंडळाचं दुपारचं जेवण चालायचं. पेशंटला आत मिळतं, पण त्याच्यासोबत आलेल्याला कोण विचारतो? बाभुळगाव, महागावकडची माणसं आठ-आठ दिवस व्हरांड्यात पथारी टाकून असायची. त्यांना वरण-भात, पोळी आणि एक भाजी. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं शेतं फस्त केली होती, आणि कापूस नाही म्हणजे आमच्याकडे कोणाच्याच खिशात काही नाही. पूर्वी जिनिंगवाले आणि अडते न मागता तांदळाची पोती पाठवायचे. आता आम्ही समोरून येताना दिसलो की ते रस्ता ओलांडायचे.

तेव्हा आमच्या अध्यक्षांनी सोडत सुरू केली. ते निवृत्त हेडक्लार्क. नोकरीत मी त्यांच्या हाताखाली होते, त्यामुळे त्यांनी काही सांगितलं की मान हलवायची सवय मला पगाराबरोबरच लागलेली. सोडत अशी: पत्त्यांचा अख्खा कॅट एकेक करून बंद पाकिटांत घालायचा आणि पाकिटं आकडे टाकून फळ्यावर टाचायची. आठवडाभर तिकिटं विकायची. रविवारी दुपारी एक चिठ्ठी काढायची आणि ज्याची निघेल त्यानं कुठलंही एक पाकीट फोडायचं. बदाम राणी निघाली तर साठलेलं सगळं बक्षीस त्याचं. नाही निघाली तर बक्षीस तसंच राहायचं आणि पुढच्या रविवारी त्यात भर पडायची. तिकिटांचा निम्मा पैसा बक्षिसात, निम्मा आमच्या चुलीला. बक्षीस फुगेल तशी गर्दी फुगायची.

पहिल्या खेपेला राणी दुसऱ्याच रविवारी निघाली, एका टायरवाल्याला. त्यानं पेढे वाटले आणि लोक जे पांगले ते पांगलेच. नव्या सोडतीचं नाव काढलं की माणसं हसायची. पंधरा दिवस चूल बंद राहिली. व्हरांड्यातल्या बाया ताटल्या घेऊन येऊन परत जायच्या, आणि आम्ही माना खाली घालून उभे.

म्हणून दुसऱ्या खेपेला पाकिटं भरताना अध्यक्षांनी बदाम राणी उचलून माझ्यापुढे ठेवली. तिच्या पाकिटात जोकर गेला.

"आठ-दहा रविवार जाऊ द्या," ते म्हणाले. "बक्षीस वाढलं की हळूच घालू. आपण काही खातो आहोत का यातलं?"

नाही, आम्ही एक रुपया खाल्ला नाही. हे मी आजही छातीठोक सांगते, आणि सांगताना मला माझाच राग येतो.

सोडत जोरात चालली. पाचव्या रविवारी तर रिक्षावाल्यांनी रिक्षा उभ्या करून गर्दी केली. जेवणात आम्ही ताकही वाढायला लागलो.

त्याच दिवसांत ती बाई आली. तिचा नवरा रोजानं फवारणीला जायचा. कापसावर मारायचं औषध त्याच्या अंगात भिनलं आणि त्याला इथं आणलं. ती आमच्याकडे जेवायची, आणि जेवण झालं की कोणी न सांगता भांडी घासायला बसायची. मी एकदा नको म्हटलं.

"फुकटचं गिळवत नाई, ताई," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की इथं करण्यासारखं सगळं झालं, नागपूरला नेलं तर आशा आहे. ते खासगीत होतं आणि पैसे आधी भरायचे होते. तिनं गळ्यातलं डोरलं मोडलं तरी भागेना. उरलेल्या चिल्लरीतून तिनं माझ्याकडून एक तिकीट घेतलं.

"राणी कोनत्या पाकिटात हाय, ते देवालेच ठाऊक," ती म्हणाली आणि हसली.

मी पैसे घेतले. नका घेऊ म्हणता आलं असतं. मी तिकीट फाडून दिलं.

सातव्या रविवारी तिचीच चिठ्ठी निघाली. तिला सगळे ओळखत होते, त्यामुळे लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणी तिला भांड्यांवरून उठवून ओढत आणलं. ओले हात पदराला पुसत ती फळ्यापुढे उभी राहिली. एका पाकिटाला हात लावला, मागे घेतला. मग दुसऱ्याला. लोक आरडाओरडा करून आकडे सांगत होते. तिनं माझ्याकडे वळून विचारलं,

"ताई, तुमी सांगा ना, कोनतं फोडू?"

अध्यक्ष घड्याळ बघू लागले. राणी घरी होती, स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर, पण आणून एवढ्या लोकांसमोर घालणार कशी?

"तुम्हाला वाटेल ते," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले, नवऱ्याचं नाव घेतलं आणि पाकीट फोडलं. किलवरची सत्ती. तिला पत्ते कळत नव्हते. तिनं तो पत्ता माझ्यापुढे धरला.

"ही राणी नोय ना?"

मी मान हलवली. अध्यक्षांनी माइकवरून बक्षीस पुढच्या रविवारी वाढणार असल्याचं जाहीर केलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

"माहाच हात खोटा हाय," ती म्हणाली आणि परत भांड्यांकडे गेली.

मी अध्यक्षांना स्वयंपाकाच्या पडवीत गाठलं. म्हटलं, साठलेलं बक्षीस तिला देऊन टाकू.

"राणी न निघता?" ते म्हणाले. "लोक सगळी पाकिटं फोडायला लावतील. मग उद्यापासून शंभर माणसांना जेवायला तुम्ही घालणार का?"

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या पर्समधले पाचशे रुपये मी तिला देऊ केले, ते तिनं घेतले नाहीत. जेवायला घालता तेवढं पुरे, म्हणाली. राणी मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली. महिन्याभरानं ती रीतसर एका मास्तरांना निघाली, आणि चूल पुढे वर्षभर पेटती राहिली.

पण त्याआधी, त्या सातव्या सोडतीनंतरच्या बुधवारी, त्या बाईनं मला वॉर्डात बोलावून घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, आता जवळच थांबा. नवऱ्याचे डोळे उघडे होते, ओठ कोरडे पडले होते. तो पाणी मागत होता. कॉटच्या कडेला स्टीलचा पेला आणि चमचा होता. तिनं चमचा उचलला, थबकली आणि माझ्या हातात दिला.

"तुमी पाजा, ताई. माह्या हाताले येश नाई. सत्ती काढली मी. तुमच्या हातानं लोकाइले अन्न भेटते."

आता तरी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. त्या पाकिटांत राणी नव्हतीच, तुझ्या हाताचा काही दोष नाही, एवढंच तर सांगायचं होतं. मी चमचा घेतला आणि त्याला पाणी पाजलं. निम्मं गालावरून ओघळलं. तिनं ते पदरानं टिपलं, आणि मग वाकून माझ्या पाया पडली.