आलोदोलाच्या फटी

ओलिंपियो पेद्रालियोनं ज्याला नावं ठेवली नाहीत असा माणूस सरोवराकाठच्या लेत्सेनो गावात नव्हता, आणि सरोवराच्या पलीकडच्या काठावर तर नव्हताच. मिलानहून पांढऱ्या विजारी घालून येणारे त्याच्या मते नावाडी नव्हते, सामान होतं. जर्मन लोक होडी चालवायची सोडून रोज धूत बसतात, असं तो म्हणायचा. पाद्रीबुवा दर वर्षी होड्यांना आशीर्वाद देताना पाण्यापासून चार पावलं लांब उभे राहायचे, कारण बूट नवे असायचे. "देवाचा भरवसा गुडघ्याच्या वर, घोट्याच्या खाली नाही," असं ओलिंपियो त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचा.

हा स्वतः कोण लागून गेला होता? वेगानं पळणाऱ्या लाकडी होड्या बांधणारा, बापाच्या कारखान्यात बसलेला एक म्हातारा. होड्या चांगल्या बांधायचा, त्यात वाद नाही. पण त्याच्या हाताखाली एक गडी टिकला नाही. जो येई त्याचा तो असा पाणउतारा करी की दुसऱ्या महिन्यात गडी हॉटेलात बशा पुसायला पळे. बायको लिदिया ऐन हंगामाच्या तोंडावर वारली, तर "वेळ तरी बघायची" असं हा बोलून गेला. नंतर एकटाच फळ्यांच्या ढिगामागे रडत होता, ते शेजारच्या खानावळीच्या चेलेस्तानं पाहिलं होतं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, कारण कोणाचा विश्वासच बसला नसता.

मुलगी नीवेस लहान होती तेव्हा कारखान्यात तिला एकच काम असे. लाकडी होडी हिवाळाभर कोरड्यावर राहिली की फळ्या आक्रसतात आणि त्यांच्यामध्ये बोट जाईल अशा फटी पडतात. त्या बुजवायच्या नसतात. मार्चमध्ये होडीच्या पोटात ओली गोणपाटं अंथरायची, रोज भिजवायची, मग होडी पट्ट्यांवर टांगून पाण्यात सोडायची आणि पाणी उपसत काही दिवस वाट बघायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळीला फळी भिडते आणि फट आपोआप मिटते. नीवेस गोणपाटं भिजवायची. कमी भिजली तर ओलिंपियो म्हणायचा, "हिला पाण्यानं पाणीही ओलं करता यायचं नाही." जास्त भिजली तर म्हणायचा, "बुडव, सगळा कारखानाच बुडव." अशी मुलगी मोठी झाल्यावर काय करील? सरोवराच्या वरच्या टोकाला कोलिकोला गेली आणि प्लास्टिकच्या होड्यांना इंजिनं बसवायला लागली. ओलिंपियोनं गावभर सांगितलं, "माझी मुलगी न्हाणीघरातल्या टबांना मोटरी लावते."

हॉटेलवाला झानोली कारखान्याच्या जागेसाठी खेटे घालायला लागला, त्या वर्षीच्या शरदात नीवेस अचानक दारात उभी राहिली. बरोबर दोन मुलं होती आणि नवरा नव्हता. नवऱ्याबद्दल ओलिंपियोकडे एक वाक्य तयार होतं, पण तिचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"बाबा, झानोली परत येऊन गेला म्हणे."

"येतो बिचारा. त्याला इथे खुर्च्या मांडून लोकांना नारिंगी पाणी पाजायचंय."

"द्याल त्याला?"

"मग काय करू? माझ्यामागे इथे बसणार कोण, उंदीर?"

नीवेसनं कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बघितलं. ताडपत्रीखाली आलोदोला होती. आलोदोला म्हणजे चंडोल. ओलिंपियोनं तरुणपणी बापाबरोबर बांधलेली, मॅहोगनीची, सरोवरातली सगळ्यात देखणी होडी, आणि कोणालाही नको असलेली. वेग घेतला की तिचं नाक वर-खाली आपटायला लागे आणि बसणाऱ्याच्या दाढा खिळखिळ्या होत. इंजिन गाईएवढं जड. पेट्रोल ढोसायची. पोहायला उडी मारली तर परत वर चढायची सोय नाही. ओलिंपियो म्हणायचा, तिच्या लायकीचे बसणारेच उरले नाहीत.

"ही मला द्या," नीवेस म्हणाली. "हिवाळाभर माझ्या पद्धतीनं काम करते. वसंतात नीट पळाली, तर मी पोरांना घेऊन इथेच राहते. कारखाना मी चालवते. नाही पळाली, तर द्या झानोलीला. पण एक अट आहे. मी काम करत असताना तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"मी कधी उघडतो?"

ती हसली नाही. त्यानं मान डोलावली. ती राहावी, हे त्याला इतकं हवं होतं की त्याला जेवणही गोड लागेना. पण हे तो सांगेल तर तो ओलिंपियो कसला?

नीवेस कामाला लागली. तिनं ते जुन्या इंजिनाचं धूड बाहेर काढलं आणि हलकं इंजिन वीतभर पुढे सरकवून बसवलं. शेपटाकडची पेट्रोलची टाकी उपटून पुढच्या बाकाखाली आणली. पाण्यात फिरणारा पंखा बदलला. मागे घडीची शिडी लावली, आणि ओल्या अंगानं बसलं तरी बिघडणार नाही असं कापड बाकांना शिवून घेतलं. ओलिंपियो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन दारात उभा राही, नाक मुरडी आणि चेलेस्ताच्या खानावळीत जाऊन मोकळा होई.

"शिडी लावतेय. होडीला! उद्या संडास बसवील."

"म्हातारपणी तुलाच लागेल ती शिडी," मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता चेलेस्ता म्हणाली. "आणि संडासही."

एक गोष्ट मात्र त्यानं चेलेस्तालाही सांगितली नाही. टाकी पुढे गेलेली पाहिली त्या सकाळी त्याला लख्ख कळलं की आलोदोलाचं नाक का आपटत होतं. सगळं ओझं शेपटाला होतं. उभा जन्म तो बापाला दोष देत आला होता, तळ चुकला म्हणून. पोरीनं आल्या आल्या ओळखलं होतं. ओलिंपियो कॉफी अर्धी टाकून निघून गेला आणि दिवसभर पाद्रीबुवांवर घसरला.

मार्च आला. लेत्सेनोत हिवाळ्यात डोंगरामुळे ऊन पडत नाही, म्हणून रंग वाळायला नीवेसनं कारखान्यात मोठा हीटर लावून ठेवला होता. आलोदोला पापडासारखी सुकली. फळ्यांमधल्या फटी अशा उघडल्या की पलीकडचा दिवा दिसावा. आणि एका सकाळी ओलिंपियो कॉफी घेऊन दारात आला, तेव्हा नीवेस त्या फटींमध्ये लांबीचा लगदा भरत होती. प्लास्टिकच्या होड्यांना भरतात ती, वाळल्यावर दगड होणारी. इतकी वर्षं टबांवर काढलेला हात सवयीनं तेच करत होता. गोणपाटं खिळ्याला कोरडी टांगलेली होती.

ओलिंपियो थबकला. फळ्या पाणी पिऊन फुगणार, फुगायला जागा सापडणार नाही, मग त्या आतल्या फासळ्या मोडणार. हे त्याला त्या क्षणी दिसलं. आणि काय वाटलं त्याला? आनंद वाटला. लाज वाटावी असा, पोटात गुदगुल्या करणारा आनंद. हलकं इंजिन, पुढची टाकी, सगळं कळणाऱ्या या बाईला गोणपाट आठवलं नाही! तोंड उघडायचं नाही असं ठरलंच होतं. आता होडी कुरकुरेल, ही रडकुंडीला येईल, "बाबा, तुम्हीच सांगा" म्हणेल, मग आपण बाह्या सरसावू आणि ती राहील. असा सगळा हिशेब त्या शहाण्यानं कॉफी संपेपर्यंत जुळवला. त्या वेळी म्हणायचं वाक्यसुद्धा घोकून ठेवलं.

"काय बघताय?" नीवेसनं विचारलं.

"काही नाही. कॉफी पितोय."

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी निम्मं गाव धक्क्यावर जमलं होतं. आलोदोलात थेंबभर पाणी शिरलं नाही. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण लाकडी होडी पहिल्या दिवशी गळतेच. पण ओलिंपियो पेद्रालियोच्या धक्क्यावर शंका काढून स्वतःची शोभा कोण करून घेणार? दुपारचा ब्रेवा वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या आणि नीवेसनं इंजिन मोकळं सोडलं. आलोदोलाचं नाक वर गेलं नाही की खाली आलं नाही. लाटांवरून ती सपाट, सरळ, गात गेल्यासारखी गेली. मधे थांबून मुलांनी पाण्यात उड्या मारल्या आणि दोघं शिडीनं वर चढली. धक्क्यावर टाळ्या पडल्या. आपल्या तरुणपणीची होडी आज पहिल्यांदा नीट पळताना ओलिंपियो बघत होता.

अजून वेळ गेली नव्हती. संध्याकाळच्या आत बाहेर काढली असती आणि लांबी खरवडली असती, तर काहीच बिघडलं नसतं. नीवेस केस पिळत त्याच्यापाशी आली. किती तरी वर्षांत तिचा चेहरा इतका उघडा त्यानं पाहिला नव्हता.

"बाबा, कशी वाटली?"

एक शब्द पुरला असता. ओलिंपियो म्हणाला, "तोंड उघडायचं नाही असं ठरलंय."

ती खळखळून हसली. तिला ती थट्टा वाटली. तिनं ओल्या हातानं त्याचा खांदा दाबला आणि मुलांकडे गेली.

आवाज आला तो पुढच्या आठवड्यात, सकाळी, मुलं दूध पीत असताना. वाळलेली फांदी मोडावी तसा एक, मग दुसरा, मग लागोपाठ. नीवेस धावली. पट्ट्यांवर उचलून होडी बाहेर काढली तेव्हा दोन्ही अंगांच्या फासळ्या तुटल्या होत्या आणि फळ्यांनी स्क्रू उपसून टाकले होते. नीवेसनं वाकून एका फटीवरून बोट फिरवलं. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. गोणपाटं खिळ्यावर होती.

ओलिंपियो दारात उभा होता. हातात कप होता. घोकलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"पाण्यानं पाणीही ओलं करता यायचं नाही तुला."

नीवेस सावकाश वळली. "तुम्ही बघितलं होतंत?"

"पहिल्याच सकाळी," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची छाती थोडी फुगलीही. खोड जात नाही, तसं झालं.

"चूक माझी," नीवेस म्हणाली. "सगळी माझी. विसरले मी. पण पोरं बसली होती हिच्यात, बाबा. आणि तुम्ही काठावर उभं राहून मजा बघत होता?"

"तूच म्हणालीस, तोंड—"

"हो, मीच म्हणाले. जन्मात एकदा माझं ऐकलंत, ते हे."

तिनं इंजिन उतरवून घेतलं, ते तिचंच होतं. मुलांचे ओले कपडे पिशवीत कोंबले. ओलिंपियो मधे एकदा म्हणाला, "फासळ्या नव्या घालता येतात." कारखान्यात दुसरं कोणी असल्यासारखं तो ते भिंतीकडे बघून म्हणाला. तिनं पिशवी खांद्याला लावली.

झानोलीनं जागा घेतली. आता तिथे लोक खुर्च्यांवर बसून नारिंगी पाणी पितात, आणि ओलिंपियो चेलेस्ताच्या खानावळीबाहेरच्या बाकावर बसून त्यांना नावं ठेवतो. ऑगस्टातल्या एका दुपारी, ब्रेवा जोरात असताना, कोलिकोकडून एक पांढरी प्लास्टिकची होडी आली. मागे घडीची शिडी होती, आत दोन मुलं होती. मुलांनी हात हलवले. होडी हळू झाली नाही.

"हं, कर सुरू," चेलेस्ता म्हणाली. "टब म्हण, परात म्हण."

ओलिंपियो डोळे बारीक करून होडीच्या नाकाकडे बघत होता. लाटा मोठ्या होत्या आणि नाक जागचं हलत नव्हतं.

"टाकी पुढे घेतलीय," तो म्हणाला. "बरोबर केलंय. आलोदोलाचंही बरोबर केलं होतं तिनं. मला जन्मभर जमलं नाही ते."

चेलेस्तानं हातातला फडका बाकावर ठेवला. होडी एव्हाना पार पुढच्या वळणाशी गेली होती.

"हे मला काय सांगतोस?" ती म्हणाली.