अम्माजीला जकात चालत न्हाई

बांगड्याच्या पाटीच्या बुडाला काचंचं तुकडं साठत्यात. कोन मुद्दाम साठवत न्हाई. पाटी झटकली तरी दोन-चार ऱ्हात्यातच, आन कवातरी हात घातला की कचकन टोचत्यात. आमच्या कमिटीचं किस्सं तसलंच. नातवंडं म्हनत्यात, "नानी, हसायचं सांग." मी हसायचंच सांगाय बसते. टोचलं तर माझा काय दोष!

पलूसच्या अंगाला आमचं गाव. त्यात पन्नासभर घरं मुसलमानांची. रमजानात पैशेवाल्यांकडनं जकात गोळा करायची आन गरिबाला वाटायची, ह्ये कमिटीचं काम. कमिटी म्हंजी तीन मानसं. अध्यक्ष हाजीसाब, त्यांची लाकडाची वखार व्हती. दुसरं मशिदीतलं मौलवीसाब. तिसरं सेक्रेटरी मास्तर, ऱ्हायलेला येळ शाळेत शिकवायचं. आन मी? मी खातून मन्यारीन, बांगडीवाली. तिसरी नापास. बहात्तरच्या दुष्काळात कमिटीत घुसले. कशी घुसले, त्योच पयला किस्सा.

*

जैनबचा नवरा गेला. आमच्यात नवरा गेल्यावर बाईनं चार म्हैनं धा दिस परक्या गड्याम्होरं यायचं न्हाई. मग कमिटीनं चौकशी करायची कशी? तिघंबी दाराभाईर उभं ऱ्हायचं, आन हाजीसाब पडद्याला इचारायचं, "घरात दानं हायती का, बेटी?"

आतनं आवाज, "हायती."

तीन जुम्मं, म्हंजी तीन शुक्रवार, ह्येच. मास्तरनं कागदावर लिवलं, 'मदतीची गरज न्हाई.'

चौथ्या बारीला मी तिथनं चालले व्हते. म्या म्हनलं, गड्यांनो, जरा दम खावा. पाटी ठेवली आन आत गेले. कनगी काठोकाठ भरल्याली. शेजारी पोरगं कनगीला टेकून निजल्यालं. म्या दान्यात हात खुपसला, तर चार बोटांखाली कापड लागलं. नवऱ्याची धोतरं, सदरं, मुंडासं, समदं खाली कोंबून वर सूपभर जोंधळा पसरला व्हता. भाईरच्या मानसाला दिसावं म्हनून.

भाईर आले. हाजीसाब म्हनालं, "काय खातूनबी, हायती न्हवं दानं?"

म्या म्हनलं, "कनगी भरलीया हाजीसाब. वर दानं, खाली नवरा!"

त्या दिवशी ठरलं, कमिटीला आत शिरनारी बाई पायजे. मौलवीसाब दचकलं. "बाई कमिटीत?" हाजीसाब वखारवालं, माप काढन्यात हुशार. म्हनालं, "कमिटीत न्हाई, मौलवीसाब. कमिटीसंगं!"

*

मला कुनाच्या कनगीत बघायची गरजच नव्हती. मला हात कळायचा. तीस वर्सं बायकांचं हात दाबून बांगड्या भरल्या. कुनाचा अडीचचा, कुनाचा सव्वादोनचा, समदं पाठ. त्या साली बाया म्हनायच्या, "खातूनमावशी, ही घसरती गं, ल्हान दे." खडी फोडाय जानाऱ्या बायांच्या बांगड्या तर कोपरापतूर जायच्या आन परत येताना गळून पडायच्या.

मीटिंगीत हाजीसाब म्हनालं, "आपल्या जमातीत उपाशी कोन न्हाई. हां, खान्याची जरा ओढाताण हाय."

म्या म्हनलं, "हाजीसाब, ह्या सालात गावातल्या समद्या बायांचं हात उतरलं. एकच हात चढला, सव्वादोनचा अडीच झाला."

"कुनाचा?"

"तुमी रोज घरी बघता की!"

मास्तर कागदात तोंड घालून हसलं. हाजीसाब न्हाई हसलं.

पन मलाबी हसू येत नव्हतं. आदल्या दिवशी म्या अम्माजीचा हात धरला व्हता. अम्माजी म्हंजी दर्ग्याजवळच्या सय्यदाच्या घरातली म्हातारी. पुढं-मागं कोन न्हाई. हातात बांगडी नसायची, पन मला हात धरायची खोड. धरला, तर माझं बोट आन अंगठा जुळून वर बोटाचं एक पेर उरलं. तीस वर्सांत तसला हात म्या जित्या मानसाचा बघितला नव्हता.

म्या म्हनलं, "अम्माजीचं नाव घाला."

मौलवीसाब म्हनालं, "घालता येत न्हाई, खातूनबी. सय्यद म्हंजी पैगंबरसाबांचं घरानं. त्यास्नी जकात चालत न्हाई."

"मग उपास चालतो?"

"भेट चालती. हदिया. कुनीबी आपल्या खिशातनं, मान राखून द्यावा."

म्या तिघांच्या खिशाकडं बघितलं. तिघंबी चटईच्या काड्या निरखाय लागलं.

सांजच्याला मीच दोन भाकरी बांधून गेले. अम्माजीनं फडकं सोडलं, बघितलं, परत गाठ मारली. म्हनाली, "खातून, तुझ्या पाटीत नुसत्या काचा हायत्या, मला ठावं हाय. तुझ्या तोंडातलं मी खाऊ व्हय गं?"

भाकरी परत. दुष्काळात भाकरी परत करनारी तीच एक बघितली.

*

दानं वाटायची रीत हाजीसाबांनी बसवली व्हती. जुम्म्याची नमाज झाली की मशिदीभाईर लाइन लावायची आन हाजीसाबांनी भोंग्याच्या करन्यातनं एकेक नाव पुकारायचं. समद्या पेठंला कळायचं आज कोन भिकंला लागलं त्ये. बाया लाजून मरायच्या. आमच्या गल्लीत बुरखा एकच, त्योबी खांद्यावर ठिगळ लावल्याला. मग बायांनी काय करावं? एक घालून जायाची, दानं घेऊन बोळात यायची, बुरखा काढून दुसरीला द्यायची.

चौथ्या बारीला त्यो ठिगळाचा बुरखा म्होरं आला, तवा हाजीसाब करन्यातनंच वराडलं, "ए बाई! चौथ्यांदा आलीस! अल्लाची तरी लाज धर!"

आत सतरा वर्साची लग्नाची पोरगी व्हती. पिशवी टाकून पळाली. परत कवा लाइनीत आली न्हाई.

फुडच्या जुम्म्याला म्या एक उद्योग केला. त्योच बुरखा हाजीसाबांच्या घरी नेला. त्यांची बीबी माझी मैतरीन. तिला पोरीचं सांगितलं, तर बुरखा तिनंच हिसकून घेतला आन लाइनीत उभी ऱ्हायली.

हाजीसाबांनी ठिगळ वळखलं. "परत आली! धडधाकट दिसतीस, काम करायला काय झालं?"

बीबीनं त्वांडावरचं कापड वर केलं. म्हनाली, "करती की. तुमचीच धुनी-भांडी करती. आता घरी चला, मग लाज शिकवती!"

त्या दिसापसनं करना बंद. दानं माझ्या बांगड्याच्या पाटीतनं घरोघर जाया लागलं. वर काचा, खाली जोंधळा.

समद्यांच्या घरी. एक अम्माजी सोडून.

*

माझं माहेर साताऱ्याचं, आन भाऊ म्हाबळेश्वरात टॅक्सी चालवायचा. त्याच्या वळखीनं तिथल्या एका बड्या शेठकडं कमिटी निघाली. म्या मनात धरलं, समद्यांसाठनं जकात मागू, आन अम्माजीसाठनं पायलीभर हदिया.

आमच्याकडं आषाढ कोरडा चालला व्हता. तिथं पाऊस असा, की मौलवीसाबांची दाढी पिळून काढावी लागली. शेठ शाल गुंडाळून बसल्याला. खिडकीतनं भाईर बघून म्हनाला, "दुष्काळ दुष्काळ करता, कुठाय दुष्काळ? इथं चार दिस सूर्य दिसला न्हाई!"

म्या म्हनलं, "शेठ, पैशे ऱ्हाऊ द्या. जकात मालाचा चाळिसावा भाग असती न्हवं? तुमच्या पावसाचा चाळिसावा भाग द्या. आमचं दोन तालुकं भागत्यात, जतसकट!"

शेठ हसला. खूश होऊन जकातीचं पाकीट काढलं. म्या म्हनलं, "आन एका सय्यदीन म्हातारीसाठनं वायलं, तुमच्या खिशातलं?"

"जकात दिली की बाई. आता खिशातलं कशाला?"

येताना घाटात भाऊ म्हनाला, "आक्का, कमाल केलीस, शेठ कुनाला येवढं देत न्हाई." जिच्यासाठनं गेले, ती उपाशीच.

*

फुडचा किस्सा बारका हाय. बारकाच बरा.

जत भागातलं एक मुसलमान मेंढरंवालं कुटुंब दुष्काळी कामावर आलं व्हतं. बाप्यानं कमिटीकडं दोनदा हात जोडलं. मास्तर म्हनालं, "आदी गावचं, मग भाईरचं. अर्ज ठेवून जा." तिसऱ्यांदा त्यो आला न्हाई. खडीच्या ढिगावरच गेला.

मशिदीत मीटिंग. भाईर झाडाखाली मयत. कफनाला कापड पायजे. हाजीसाब म्हनालं, "कमिटीतनं घ्या." मौलवीसाबांनी मान हलवली. "जकातीतनं कफन व्हत न्हाई. जकात ज्याला द्यायची त्याला त्या मालाचा मालक करावा लागतो. मेल्याला मालक कसं करनार?"

मी पायरीवर बसले व्हते. म्या इचारलं, "मग जिता व्हता तवा का न्हाई केला?"

मास्तर कागद चाळत ऱ्हायलं. त्याचा अर्ज वरच व्हता.

मग मौलवीसाबांनीच वाट काढली. पैशे बायकोच्या हातात द्या, ती मालकीन झाली, मग तिनं आपल्या मर्जीनं कफन घ्यावं. त्या बाईला मराठी यायची न्हाई, कानडी बोलायची. हातात नोटा पडल्यावर तिला वाटलं, नवऱ्याचा अर्ज पास झाला. ती उठली आन त्याला सांगाय झाडाखाली गेली.

*

त्या दिसानं माझ्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी मौलवीसाबांना गाठलं.

"मौलवीसाब, जकात माझ्या हातात आली की मालकीन मी?"

"तू."

"मग म्या ती कुनालाबी भेट द्यावी?"

"कुनालाबी."

"सय्यदाला?"

मौलवीसाबांनी माझा डाव वळखला. मग म्हनालं, "तुझ्या हातनं गेली की ती जकात न्हाई, भेट झाली. पन तू जकात घ्यायजोगी हायस का? साडेसात तोळं सोनं नसलं पायजे."

म्या पाटी म्होरं केली. "साडेसात तोळं काच चालती का बघा!"

माझं नाव यादीत चढलं. गावात बोभाटा, 'कमिटीवाली सोताच खाया लागली.' म्हनंना का. आठवड्याचा जोंधळा मिळाला की त्योच घेऊन मी अम्माजीकडं. अम्माजीला काय सांगितलं? "साताऱ्याच्या भावानं तुमच्यासाठनं धाडलाय, हदिया." अम्माजीनं ठेवून घेतला. रोज पाच नमाजात माझ्या भावाला दुवा द्यायची. त्यो तवा दारू प्यायचा. त्याला काय गुन आला न्हाई, पन अम्माजीची चूल पेटली.

दोन म्हैनं चाललं. मग कुन्या सटवीनं अम्माजीच्या कानावर घातलं, खातूनचं नाव जकातीत हाय म्हनून.

मी गेले तर जोंधळ्याचं गठुडं उंबऱ्यावर. अम्माजी आतनं म्हनाली, "उचल. तू सोता जकातीवर जगतीस, आन भावाचं आल्यालं मला आनून देतीस? गुन्हा माझ्या माथी घालतीस?"

आली का पंचाईत! खरं सांगावं, तर जकातीतनं आल्यालं ती मरंल पन खानार न्हाई. न सांगावं, तर माझ्या तोंडातलं म्हनून खानार न्हाई. मी उंबऱ्यावरच बसले. जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, आता माझीच कुनी काढली म्हनायची.

बसल्या-बसल्या म्या पदर डोळ्याला लावला. सोंग करायला गेले, पन पानी खरंच आलं. म्या म्हनलं, "अम्माजी, खरं हाय. मी उपाशी हाय. घरी चूलबी न्हाई. सय्यदाच्या दारात आले, मला जेवाय घाला."

मग आतनं भांड्याचा आवाज आला. त्याच गठुड्यातलं दानं तिनं जात्यावर घातलं. भाकरी माझ्याम्होरं आली. मी हात मागं घेतला. "एकटी खात न्हाई. तुमी खाल्लं तर खाईन."

"मला भूक न्हाई."

"मग मलाबी न्हाई."

पावन्याला सय्यदाच्या घरातनं उपाशी कसं लावायचं? ती बसली. तिनं घास घेतला की मी घेनार. तिनं थांबवला की मी थांबवनार. भावाच्या नावानं जोंधळा येत ऱ्हायला, माझंच पोट भरतंय म्हनून ती ठेवून घ्यायची. रोज दुपारी माझं ह्येच काम. गावात पाटी फिरवायची, आन उनं चढली की अम्माजीच्या दारात भीक मागायची. "लय हावरी झालीयास गं," म्हनायची, आन मला अर्धी जास्त वाढायची. ती अर्धी मी गपचिप तिच्या ताटात सरकवायची. तिला दिसायचं कमी.

दुसऱ्या साली पाऊस लागला. दुष्काळ गेला, पन म्हातारीला आतनं पोखरून गेला. श्रावनात तिनं हातरून धरलं. एक दिवशी मला म्हनाली, "खातून, इहिरीवर जाऊन ताजं पानी आन, आन जाताना हाजीसाबांना धाडून दे."

निरोप म्या शेजारच्या बाईला दिला आन परत येऊन तिच्या पायाशी बसले. एकटं सोडवंना. तिला वाटलं, मी गेले.

हाजीसाब आलं, पडद्याभाईर उभं ऱ्हायलं. त्यास्नी समदं ठावं व्हतं, माझं नाव यादीत त्यांनीच घातल्यालं. अम्माजी बोलाय लागली. एकेका शब्दाला थांबायची.

"हाजीसाब, एक काम हाय. कमिटीच्या कानावर घाला. ती खातून, मन्यारीन. रोज माझ्याकडं जेवती. मी गेल्यावर तिला कोन घालनार?"

म्या पदर तोंडात कोंबला.

"तिला तिच्या घरी दानं पोचवा. पन मी सांगितलं म्हनू नका. लाइनीत उभी करू नका. बाई मानी हाय. हळूच द्या."

पडद्यापल्याडनं हाजीसाबांचा आवाज आला.

"व्हय, अम्माजी. हळूच देतो."