मुकादमाची माणसं

कारखान्याच्या संचालकाने आईचा हंडा बुटाने लोटला. भरलेला. पाणी हिरवळीत गेलं.

दुष्काळाचं वर्ष होतं. बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरातलं आमचं गाव कोरडं पडलेलं, म्हणून आईबाप सहकारी साखर कारखान्याचा ऊस तोडायला आलेले. मी नऊ वर्षांची. आमच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, दोन दिवस टँकर आला नव्हता. गेस्ट हाऊसपुढच्या हिरवळीवर मात्र पाइप सोडलेला. आईने तिथल्या नळाखाली हंडा लावला, एवढाच गुन्हा.

"लेकरं तहानल्यात, सायेब," आई म्हणाली. "आमी कारखान्याचाच ऊस तोडतो."

"तोडत असशील. पन तुमी कारखान्याची मानसं न्हाई, मुकादमाची हायसा. पानी त्याला माग."

मुकादम, आम्हाला टोळीत भरती करून आणणारा, तिथेच होता. दात काढत. मला त्या बुटाची किळस आली. आजही येते.

शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, कुणाची कीव नको मला. वकील झाले आणि मुंबईत, जहाजांच्या कायद्याचं काम करणाऱ्या एका बड्या ऑफिसात लागले. आमचे अशील जहाजमालक. चार वर्षं त्यांची पत्रं लिहिली, शाबासकी घेतली.

मग एक जहाज आलं, आमच्याच एका अशिलाचं. बंदराबाहेर नांगर टाकून उभं, मालकाने वाऱ्यावर सोडलेलं. खलाशांचं प्यायचं पाणी संपलं होतं. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून ते पीत होते. तसा फोटोच त्यांनी पाठवला होता. आमच्या मोठ्या वकीलसाहेबांनी तो बाजूला सारला आणि मला उत्तर सांगायला लागले.

"लिहा. हे खलाशी जहाजमालकाचे नाहीत, भरती एजंटाचे आहेत. पाणी त्यांनी एजंटाकडे मागावं."

माझी बोटं थांबली. हे वाक्य मला तोंडपाठ होतं. चार वर्षांत मीच ते कितीतरी पत्रांत घातलं होतं, इंग्रजीत, सफाईने. तो बूट आता माझ्या पायात होता आणि मला पत्ताच नव्हता. थू! मी लॅपटॉप मिटला.

"हे मी लिहिणार नाही, सर."

सर हसले. "तुम्हा बीडकडच्यांना सगळीकडे दुष्काळच दिसतो."

"दिसतो. कारण तो तुम्ही पाडता."

नोकरी त्याच दिवशी सोडली. आधीच्या अशिलाविरुद्ध मला उभं राहता येत नव्हतं. खलाशांच्या युनियनने दुसरा वकील दिला. कोर्टाच्या हुकमाने, खलाशांचं देणं फिटेपर्यंत, जहाज अडकवलं गेलं आणि सगळ्यात आधी त्याच्यावर प्यायचं पाणी पोचलं. तेव्हापासून मी फक्त खलाशांची कामं घेते.

हे सगळं आईला सांगितलं. तिने विचारलं,

"जहाज अडकवतेत? मंग कारखाना कावून न्हाई?"

"कायदा तसा नाही, आई," मी म्हणाले. आणि माझ्याच उत्तराची मला शिसारी आली. पुन्हा तेच पत्र, या वेळी तोंडी.

कायदा नसेल तर कोर्टाने तसं माझ्या तोंडावर सांगावं. या हंगामात मी कोप्यांवर जाणार आहे, बायकांची वकीलपत्रं घ्यायला. अर्जात मुकादमाचं नाव नसेल. प्रतिवादी एकच, कारखाना. मागणीही एकच. गेस्ट हाऊसच्या नळाचं पाणी.